सावंतवाडी: गोव्याला जाताना उतरायचं की नाही?

पांगारा (धागाकर्ता)

दिवाळी जवळ आली की "गोव्याला जाताना वाटेत काय बघावं" असा एक तरी धागा इथे निघतो. त्यात कुणीतरी सावंतवाडीचं नाव घेतं आणि खाली तीच तीन उत्तरं येतात: मोती तलाव बघा, राजवाडा बघा, लाकडी खेळणी घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण तेवढं करून लोक दोन तासांत गाडीत बसतात आणि पणजी गाठतात. आम्हा वाडीकरांना त्याचं वाईट वाटतं (आम्ही सावंतवाडीला नुसतं "वाडी" म्हणतो). माझं म्हणणं सरळ आहे. दोन रात्री राहा, त्यातला एक दिवस मंगळवार येईल असं बघा, आणि इथले लोक जिथे जातात तिथे जा.

आधी गावाची ठेवण सांगतो. मधोमध तळं. एका अंगाला जांभ्या दगडाचा लाल राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजार, आणि मागे नरेंद्र डोंगर. संध्याकाळी अख्खं गाव तळ्याच्या काठाने फिरतं. निवृत्त मास्तर, कॉलेजची पोरं, बाळाला कडेवर घेतलेल्या आज्या, सगळे. गणपती याच तळ्यात बोळवतात. राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला (१७५५ ते १८०३). सुंदरवाडी हे गावाचं जुनं नाव अजून पाट्यांवर आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी सापडतं.

संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण सवयी काही गेल्या नाहीत. पंचम खेमराज, म्हणजे बापूसाहेब महाराज, यांचा फोटो अजून कितीतरी घरांत देवांच्या शेजारी दिसेल. कॉलेज त्यांच्याच नावाचं. श्रीराम वाचन मंदिर दीडशे वर्षांहून जुनं आहे. दुपारी जाऊन बसा, वर्तमानपत्राचं एक पान सुटं करून घेण्यासाठी चाललेली शांत मारामारी बघायला मिळेल.

चितारआळीबद्दल थोडं सविस्तर. ही चितारी लोकांची आळी. लाकडावर रंगकाम करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. खेळण्यांना आणि फळांना पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, कारण ते हलकं आणि मऊ. पाट, पोळपाट, पाळणा असल्या टणक कामाला शिवण, फणस, आंबा. केळं, सीताफळ, काजूचं बोंड हे सगळं लाकडात होतं आणि खरी कमाल रंगात असते. चांगल्या कारागिराचं केळं नुसतं पिवळं नसतं. देठाकडे हिरवट झाक, कडांना तपकिरी रेघ, टोकाला काळा ठिपका. सीताफळाच्या खवल्यांच्या फटीत फिकट गुलाबी. हे हाताने, ब्रशने केलेलं असतं, आणि दोन फळं शेजारी ठेवली की वेगळी दिसतात. दोन्ही अगदी हुबेहूब सारखी दिसली तर जरा विचार करा.

बाकीच्यांनी भर घालावी. खाण्यावर मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहवत जाईल.

---

तिरफळ

खाण्यावर लिहूक नाय म्हणजे? मग धागो काढलंस कित्याक? 😄

मंगळवारच्या बाजाराबद्दल मी सांगते. आजूबाजूच्या गावांतल्या बायका सकाळीच टोपल्या घेऊन येतात. लाल भाजी, पावसात शेवग्याचा पाला, थंडीत कणगी आणि करांदे ही कंदमुळं, मार्च-एप्रिलात ओले काजूगर. काजूगर वाट्यावर किंवा शेकड्यावर मिळतात. सोलून हात काळे झालेल्या बाईशी घासाघीस करू नका, त्या चिकाने कातडी सोलवटते. कोकम घ्यायचं असेल तर दुकानातल्या चकचकीत पाकिटापेक्षा बाजारातलं घ्या, बोटाला चिकटतं ते चांगलं. आणि तिरफळं घ्या (माझ्या नावावर जाऊ नका, खरंच घ्या). बांगड्याच्या तिकल्यात (तिखट कालवणात) टाकायची, वाटायची नाहीत.

उसळ कुठे खावी असं विचाराल तर कुठल्याही घरगुती खानावळीत. फळ्यावर "काजूगर उसळ" खडूने लिहिलं असेल तिथे शिरा. छापील मेनूत बारा महिने असते ती सुक्या काजूची.

---

पुण्याचा_गण्या

वाखू (वाचनखूण) साठवली. बरोबर आई (७२) आणि दोन मुलं (९ आणि ६) आहेत. मुलं खेळण्यांच्या दुकानात रमतील, पण नंतर? आईला चढ झेपत नाही. आणि रेल्वेने यावं की गाडीने?

---

पांगारा

गण्या, तळं आणि राजवाडा दोन्ही सपाटीवर आहेत. नरेंद्र डोंगराचा बेत आईंसाठी सोडा, तुम्ही पहाटे मुलांना घेऊन जा. माठेवाड्यात आत्मेश्वराचं देऊळ आणि तिथली तळी आहे, आईंना आवडेल. शांत जागा आहे.

मुलांसाठी पिंगुळी. कुडाळजवळ आहे. तिथल्या ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी म्हणजे कागदावरच्या चित्रांची एक पोथी, एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. आधी फोन करून गेलात तर बाहुल्या नाचवूनही दाखवतात. सहा वर्षांचं पोरगं मोबाईल विसरतं, हमखास.

रेल्वेने यायचं तर दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्सप्रेस आहे, दुपारी पोचवते. पण तुम्ही पुण्याहून, तेव्हा गाडीने आंबोली घाट उतरून या. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. तिथून रिक्षा.

---

घाटमाथा

जरा उलट सूर लावतो. गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. दुपारी एक वाजता पोचलो तर निम्मा बाजार बंद, चार वाजेपर्यंत कुत्रंही रस्त्यावर नाही. तळ्याभोवती चक्कर मारली, राजवाड्यातलं दालन पाहिलं, झालं. खेळणी घेतली (दुकानाचं नाव लिहीत नाही), पुण्यात आल्यावर मुलीने आंबा धुतला आणि रंग हाताला. "कलेचं माहेरघर" वगैरे ठीक आहे, पण पर्यटकाला संध्याकाळी करायला काय आहे? गोवा तासाभरावर असताना इथे दोन रात्री कोण राहणार? उगाच गावाभिमान.

---

वाडीची_लेक

घाटमाथा, दुपारी एक ते चार गाव झोपतं. ते पर्यटकाला गैरसोयीचं असेल, पण पेज-भात जेवून आडवं होणं हा इथला कायदा आहे, तुमच्यासाठी बदलणार नाही. त्या वेळात तुम्हीही जेवून झोपा.

रंगाचं मात्र तुमचं बरोबर आहे. बाहेरून आलेला स्वस्त माल चितारआळीतही लागतो, खोटं कशाला बोलू. ओळखायचं कसं ते सांगते. फळ हातात घ्या. पांगाऱ्याचं असेल तर आकाराच्या मानाने इतकं हलकं लागतं की आत पोकळ असावं असं वाटतं. मग देठ बघा, तिथे रंगाचे दोन-तीन थर एकमेकांत मिसळलेले दिसतात. बाहेरच्या मालाला सपाट एकच रंग आणि वरून भडक चकाकी. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मागच्या बाजूला काम चालू असेल असं दुकान निवडा. लाकडाचा भुसा आणि रंगाचा वास आला की समजा घर बरोबर आहे. तरी शोभेची फळं धुवायची नसतात हो, कोरड्या फडक्याने पुसायची.

आणि एक. आम्ही चितारआळीत फळं घ्यायला जात नाही. आम्ही जातो रुखवताला, भातुकलीला, मुंजीच्या पाटाला, बारशाच्या पाळण्याला. गणपतीचा पाट तर घराघरात जपलेला असतो. पावसाळ्यात तो गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात ती जागा) नेऊन द्यायचा, त्यावर नाव किंवा खूण घातलेली. तुमच्याच पाटावर मूर्ती घडते आणि चतुर्थीला त्याच पाटासकट डोक्यावरून घरी येते. श्रावणात गेलात तर अशा एखाद्या शाळेत डोकवा. रांगेने पाट, त्यावर अर्धे ओले गणपती, आणि मागे रेडिओवर भजनाची डबलबारी (दोन बुवांचा सामना). आत यायला कुणी नको म्हणत नाही, फक्त मूर्तींना हात लावू नका.

---

घाटमाथा

पाटाचं माहीत नव्हतं. हे असलं कुठल्या माहितीपत्रकात का नसतं?

---

एक्का_दुरी

गंजिफावर अजून कुणीच लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितो. लोक राजवाड्यात जातात, गोल रंगीत पानं काचेखाली बघतात, "अय्या किती सुंदर" म्हणतात आणि भेटकार्ड घेऊन बाहेर पडतात. अरे, तो पत्त्यांचा खेळ आहे, खेळा की!

दशावतारी गंजिफाच्या डावात १२० पानं. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, कल्कीला तलवार अशा खुणा. राजाच्या पानावर अवतार स्वतः बसलेला, प्रधान बहुधा घोड्यावर. तीन खेळगडी, प्रत्येकी चाळीस पानं. चाळीस गोल पानं एका हातात धरून दाखवा, मग बोलू. म्हणून पूर्वीचे लोक ती समोर चादरीवर लावून घेत.

हुकूम नसतो. जो रंग उतरला त्याच रंगात वरचढ पान टाकायचं, नसेल तर हात गेला. गंमत दोन. एक, अर्ध्या रंगांत दहा वरचढ आणि एक्का सगळ्यात खालचा, उरलेल्या अर्ध्यांत बरोबर उलटं, एक्का वर आणि दहा तळाला. नवा माणूस इथेच फसतो. दोन, दिवसा डाव मांडला तर उतारी रामाच्या राजाची, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या राजाची. खेळ सगळा स्मरणशक्तीचा आहे. कुठली पानं गेली ते डोक्यात ठेवता आलं नाही तर तासाभरात कफल्लक.

पानं करण्याची जुनी पद्धत अशी: कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूच्या भुकटीचा लेप, घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम जाणणारे अगदी थोडे उरले होते. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी स्वतः शिकले आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गावातल्या मुलामुलींना घेऊन काम सुरू केलं. आज जे दिसतं ते त्यातूनच उभं राहिलेलं. राजघराण्यातल्या माणसांनी मांडी घालून कारागिराकडून ब्रश धरायला शिकणं ही मला त्या वाड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, चांदीच्या सिंहासनापेक्षा.

राजवाड्यात रंगवणारे कलाकार बसलेले असतात. त्यांच्याशी बोला. हातातलं पान पूर्ण होईपर्यंत थांबा, घाई करू नका.

---

पुण्याचा_गण्या

हे भारी आहे. १२० पानांचा हाताने रंगवलेला संच परवडेल का पण?

---

एक्का_दुरी

स्वस्त नाही, आणि नसावाही. एका संचावर किती दिवस जातात ते समोर बसून पाहिलंत की किंमत विचारताना आवाज आपोआप खाली येतो. सुटं एखादं पान घ्या, मुलांना अवतार ओळखायला लावा. खेळ शिकायला घरच्या घरी पुठ्ठ्याची पानं कापा, चिन्हं मुलांना काढू द्या.

---

रातकिडा

"संध्याकाळी करायला काय आहे" याला माझं उत्तर: संध्याकाळी काही नाही, रात्री या.

कार्तिकापासून जत्रांचा हंगाम लागतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा, तिला लोटांगणाची जत्रा म्हणतात. नवस फेडणारे पुरुष देवळाभोवती लोटांगण घालतात, बायका उभ्याने प्रदक्षिणा करतात. पुढे महिनोन्‌महिने आज या गावाची, उद्या त्या गावाची. आणि प्रत्येक जत्रेत रात्री दशावतार.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पालखी फिरून झाली की देवळासमोर रंगमंच. सजावट म्हणाल तर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच बिछाना. पायपेटी, मृदंग, झांज. आधी आड दशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, आणि काळ्या वेशातला संकासुर, वेद चोरणारा. हा संकासुर मालवणीत बोलतो आणि गावच्या सरपंचापासून समोर पेंगणाऱ्या पाहुण्यापर्यंत कुणालाही सोडत नाही. विष्णूच्या हातून तो मेला की मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. कथा ठरते, कोण कुठला पार्ट करणार ठरतं, आणि संवाद उभ्या जागी. एखाद्या मुरलेल्या नटाने शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठीत राजाचं भाषण सुरू केलं की समोरचा नट त्याला शब्दाशब्दाने अडवतो. तो वाद कधी कधी अर्धा तास चालतो आणि त्यालाच लोक येतात.

बायकांचे पार्ट पुरुषच करतात. खेळ सुरू व्हायच्या आधी रंगमंचाच्या मागे गेलात तर दिसेल: कंदिलाची जागा बल्बने घेतली एवढंच, बाकी तेच. दिवसा शेतात राबणारा माणूस मांडीवर आरसा ठेवून स्वतःच्या भुवया कोरत असतो, शेजारी चहाचा कप आणि विडी. नऊवारी नेसून उभा राहिला की चालच बदलते. पारसेकर, वालावलकर, मोचेमाडकर, खानोलकर अशी जुनी मंडळं आहेत, आणि कोण कुणापेक्षा सरस यावरून घराघरात भांडणं आहेत, ती मी इथे लावत नाही.

पहाटे दहीकाला होतो. तोवर टिकलात तर खाजा आणि चहा. शाल न्या, दवाने भिजायला होतं.

---

तिरफळ

रातकिड्या, मंडळांची भांडणां हय लाव नको हां. माजो घोव पारसेकरांचो भक्त, आवशीचो भाव मोचेमाडकरांचो. दिवाळीत दोघांका एका पंगतीक बसवूक जमणा नाय.

---

तपकिरी_बेडूक

अवांतर पण जवळचं: पावसात आलात तर आंबोली सोडू नका, वाडीपासून साधारण तीस किलोमीटर. धबधब्यापाशी शनिवार-रविवारी जाऊ नका, चिक्कार गर्दी आणि दारूच्या बाटल्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री टॉर्च घेऊन, माहितगार माणसाबरोबर जंगलाच्या कडेने फिरा. हिरवे उडते बेडूक पाण्यावरच्या फांदीला फेसाची घरटी करतात, ती बघा. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेल्या माशाला नदीचंच नाव मिळालं (२०२०) आणि ती जागा नंतर जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिथे पाण्यात पाय घालू नका, साबण तर नाहीच नाही.

---

बे_एरियातला_बाबल

फुटलो रडून, एवढंच लिहितो. इथे मुलीच्या भातुकलीतली लाकडी जात्याची खुंटी हरवली आहे. वाडीत कुणी नुसती खुंटी करून देईल का?

---

वाडीची_लेक

बाबल, जात्याच्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये आणि फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. मी मंगळवारी आळीत जाणार आहे. करून देतील, आणि पैसे घेणार नाहीत यावरून माझं त्यांच्याशी भांडण होईल.

---

घाटमाथा

पुन्हा येतो. आता मूळ प्रश्न. झाराप–पत्रादेवी बायपास झाल्यापासून महामार्गाची गाडी गावात शिरतच नाही. गोव्यातलं मोपा विमानतळ जवळ आलं, पण उतरणारा गोव्याकडे वळतो. मग ही कला टिकणार कशावर? पर्यटक नकोत असं म्हणून कसं चालेल? भौगोलिक मानांकन मिळालं, छान. पण गिऱ्हाईक कुठाय?

---

पांगारा

पर्यटक नकोत असं कोण म्हणालं? राजवाड्याच्या एका भागात आता हॉटेल आहे, तिथेही गंजिफाच्या रंगातच सगळी सजावट. त्याने कलाकारांना काम मिळतं, चांगलंच आहे. बायपासने वाटेवरचं गिऱ्हाईक तोडलं हेही खरं. पण ट्रकचा धूर आणि हॉर्न तळ्याकाठून गेले, हे म्हाताऱ्यांना विचारा.

माझा मुद्दा गिऱ्हाईक कुठल्या जातीचं हा आहे. बस थांबवून दहा मिनिटांत पन्नास रुपयांचं काहीतरी उचलणाऱ्यासाठी माल करायचा म्हटलं की बाहेरचा सपाट रंगाचा आंबाच विकावा लागतो. पाळणा, पाट, रुखवत घेणारं गिऱ्हाईक थांबतं, रंग सांगतं, पंधरा दिवसांनी पुन्हा येतं. कारागिराचा हात त्याच्यावर टिकतो. म्हणून म्हणतो, पुण्या-मुंबईकरांनी शोभेच्या फळांऐवजी वापरायची वस्तू सांगून करून घ्यावी. लेकीच्या लग्नाचा पाट आधी महिनाभर सांगा. कुरियरने येतो.

---

वाडीची_लेक

+१. फक्त एक दुरुस्ती, लग्नसराईत महिनाभर पुरत नाही. तुळशीच्या लग्नाआधी सांगा.

---

पुण्याचा_गण्या

ठरलं. सोमवारी दुपारी पोचतो (आणि झोपतो), मंगळवारी बाजार आणि राजवाडा, बुधवारी पिंगुळी, गुरुवारी परत. त्या आठवड्यात जवळपास जत्रा कुठे आहे ते कुणी सांगेल का? आई म्हणते रात्रभर बसेन, फक्त टेकायला खुर्ची हवी.

---

रातकिडा

तारखा तिथीवर असतात, तुमचा आठवडा कळवा म्हणजे दिनदर्शिका बघून सांगतो. खुर्चीची काळजी नको, देवळाशेजारच्या कुठल्याही घरात आईंचं वय सांगा, खुर्ची आणि पाठीला उशी दोन्ही येतील. मुलांना मात्र संकासुर बाहेर यायच्या आत पुढे बसवा. मागून काही दिसत नाही.